निवाड्याची भूक : सावर्ड्याच्या अंगणापासून ‘बिग बॉस’च्या घरापर्यंत

१/२४
६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा विजेता म्हणून सूरज चव्हाण याचे नाव पुकारले गेले. त्यानंतर महाराष्ट्राच्या सुशिक्षित वर्तुळात एक जुनाच शोकप्रस्ताव नव्याने मांडला गेला. मराठी प्रेक्षकाची अभिरुची लयाला गेली, लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची चटक लागली, दूरचित्रवाणीने समाज नासवला, असा त्याचा आशय. हा धागा त्या शोकप्रस्तावाच्या विरोधात आहे.

२/२४
या शोकप्रस्तावात तीन गृहीतके दडलेली आहेत. खऱ्या माणसांची झटापट पाहण्याची आवड नवी आहे, हे पहिले. ती आवड रिकामटेकडी आहे, हे दुसरे. आणि ती बाळगणारा प्रेक्षक भोळा आहे, त्याला फसवणे सोपे आहे, हे तिसरे. इतिहासाची साक्ष काढली तर तिन्ही गृहीतके कोसळतात. साक्षीसाठी पुण्या-मुंबईच्या सभागृहात जाण्याआधी कोकणातल्या एका गावात जावे लागेल.

३/२४
सावर्डे हे चिपळूण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. कोकण रेल्वेचे स्थानक इथे आहे. गोविंदराव निकम यांनी उभी केलेली सह्याद्री शिक्षण संस्था इथली, आणि चित्र-शिल्पाचे रीतसर शिक्षण देणारे तिचे कलामहाविद्यालयही इथलेच. म्हणजे ज्याला ‘अभिरुची’ म्हणतात तिचा इथे दुष्काळ नाही. त्याच परिसरात गणपतीत जाखडी रंगते, शिमग्यात पालखी नाचते, नमन-खेळे होतात. आणि एरवी रात्री जेवणे उरकली की घराघरांतून दूरचित्रवाणीचा निळसर उजेड ओटीवर पडतो.

४/२४
सावर्ड्याच्या शिमग्यात ‘होल्टे होम’ नावाची प्रथा आहे. पेटती लाकडे एकमेकांच्या दिशेने फेकली जातात आणि गाव ते पाहायला लोटतो. नुसत्या दारूकामासाठी अशी गर्दी जमली नसती. इथला विस्तव खरा असतो. तो फेकणारा आणि चुकवणारा दोघेही ओळखीचे असतात. खेळाला सर्वांना ठाऊक असलेला नियम असतो, आणि त्या नियमाच्या आत कोण कसा वागला हे पाहणारा प्रत्येक जण मनाशी ठरवत असतो. खरा धोका, ओळखीची माणसे, ठरलेला नियम आणि पाहणाऱ्याचा निवाडा : या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढचे सारे विवेचन यांवरच उभे आहे.

५/२४
आता जाखडी पाहू. मुंबईत घरकामाला गेलेल्या कोकणी गड्यांच्या कानांतील बाळीवरून हिला ‘बाल्या नाच’ असे नाव पडले, असे सांगितले जाते. मध्ये शाहीर, ढोलकी आणि झांज. भोवती पायात चाळ बांधलेल्या नाच्यांचे रिंगण. दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले की तिचा ‘शक्ती-तुरा’ होतो. शक्तीवाले आदिमायेला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. गण होतो, गवळण होते आणि मग ज्यासाठी लोक बसून राहिलेले असतात ते सवाल-जवाब सुरू होतात.

६/२४
एका शाहिराने पुराणातले कूट घालायचे, दुसऱ्याने ते गाण्यातच सोडवायचे, आणि सोडवता सोडवता प्रतिपक्षाला असा टोला हाणायचा की बसलेल्यांनी मान डोलवावी. वेळ ठरलेली नसते. रात्र सरत जाते. प्रेक्षक निव्वळ श्रोता नसतो. उत्तर कच्चे निघाले तर तो कुजबुजतो, टोला बसला तर आरोळी देतो, आणि मन भरले तर उठून बक्षिसाची नोट देतो. त्या वेळी नोट देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. हे मतदानच आहे. फरक एवढाच की मत उघड असते आणि ते देणाऱ्याला आपल्या नावानिशी द्यावे लागते.

७/२४
ही परंपरा कोकणापुरती नाही. देशावर हीच चुरस ‘कलगी-तुरा’ म्हणून ओळखली जाते. उत्तर पेशवाईत शाहिरांच्या फडांनी ती गाजवली. सोलापूरचे राम जोशी (१७६२-१८१२) हे त्या काळातले मोठे नाव. भेदिक रचना म्हणजे अध्यात्माची कोडीच. ती घालणारे आणि सोडवणारे दोघेही विद्वत्तेची परीक्षा चारचौघांत देत होते, आणि परीक्षकांच्या जागी शास्त्रीमंडळी नव्हती, बाजारहाटाला आलेले लोक होते. ज्यांना ‘सामान्य प्रेक्षक’ म्हणून हिणवले जाते, त्यांचा परीक्षकपणाचा अधिकार किमान दोनशे वर्षांचा आहे.

८/२४
गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी हा अधिकार सोबत नेला. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग वर्षानुवर्षे होत राहिले. कोकणातल्या अंगणात जमणारी चुरस तिकीट काढून, खुर्च्यांवर बसून पाहिली जाऊ लागली. पण निवाडा मात्र समोर बसलेल्यांकडेच राहिला. म्हणून स्पर्धेचा कार्यक्रम, त्यातील पाहुणे, प्रश्न, टोमणे आणि निकाल हे सारे कोणा परदेशी कंपनीने मराठी माणसाला शिकवले, हे म्हणणे अडाणीपणाचे आहे.

९/२४
२००८ साली झी मराठीवर ‘सा रे ग म प’चे ‘लिटिल चॅम्प्स’ पर्व सुरू झाले. सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. फेब्रुवारी २००९ च्या अंतिम फेरीत पाच मुले उरली : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आरवलीचा प्रथमेश लघाटे. नावांच्या आधीची गावे पुन्हा वाचावीत. या पाचांतले एक सोडले तर बाकीची गावे मराठी संगीताच्या मुख्य बाजारपेठेपासून दूरची होती.

१०/२४
आरवली रोड हे सावर्ड्याच्या पुढचेच रेल्वे स्थानक. त्या हिवाळ्यात या टापूतली माणसे पडद्याला का खिळली, याचे उत्तर ‘चटक’ या शब्दात मिळत नाही. शक्ती-तुऱ्याच्या चारही गोष्टी तिथे हजर होत्या. गळा खरा होता आणि तो कोणत्याही क्षणी बेसूर होऊ शकत होता. मुलगा ओळखीच्या गावचा होता. नियम सर्वांना ठाऊक होता. आणि निवाड्यात आपला वाटा आहे, असे सांगितले गेले होते.

११/२४
यावर टीकाकार म्हणाले की लोक सुराला मत देत नाहीत, गावाला देतात. आक्षेप अर्धा खरा आहे. पण वाडीने आपल्या शाहिराच्या पाठीशी उभे राहणे हा शक्ती-तुऱ्यातला अलिखित संकेतच आहे. तो सर्वांना ठाऊक असतो, म्हणून समोरच्या वाडीची आरोळी मिळवणारा शाहीर खरा मानला जातो. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रांत आणि गट मोजले जात होते तेव्हा त्याला वाङ्मयीन राजकारण म्हणत. आरवलीच्या पोरासाठी सावर्ड्याने फोन उचलला की तो मात्र प्रांतवाद ठरतो. मापे दोन आहेत, आणि ती कोणाच्या हातात आहेत हे उघड आहे.

१२/२४
इथे एक रास्त शंका निघते. गाण्याच्या स्पर्धेचे समर्थन सोपे आहे; तिथे निदान गाणे आहे. ‘बिग बॉस’मध्ये काय आहे? तिथे कोणी गात नाही, कूट सोडवत नाही. माणसे स्वयंपाकावरून भांडतात, रुसतात, कट करतात, रडतात. ते पाहणाऱ्याला शक्ती-तुऱ्याचा वारसा कसा लागू होईल? नाहीच लागू होत. त्या घराची वंशावळ वेगळी आहे, आणि ती जास्त काळोखी आहे. तिचे नाव ग्रामण्य.

१३/२४
ग्रामण्य म्हणजे आचारभंगाचा जाहीर वाद : कोणी काय खाल्ले, कोणाबरोबर बसला, कोणता विधी कोणत्या अधिकाराने केला, याची चौकशी आणि शेवटी बहिष्कार किंवा प्रायश्चित्त. इथे कलेची परीक्षा नसते, वर्तनाची असते. या प्रकाराचे आधुनिक काळातले सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातले आहे, आणि त्याची रचना आजच्या कोणत्याही निर्मात्याला हेवा वाटावा अशी होती.

१४/२४
४ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना निमंत्रण गेले. रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी बाजूला ठेवला. एरवी ही गोष्ट तिथेच विरली असती. पण या निमंत्रणामागे गोपाळराव जोशी होते. आनंदीबाईंचे पती, आणि सुधारक व सनातनी दोघांनाही चिमटे काढण्यात रमणारा विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली.

१५/२४
घटकाभर थांबून या घटनेची बांधणी पाहावी. नामवंत माणसे एका बंद जागेत बोलावली गेली. त्यांच्यापुढे एक साधी वस्तू ठेवली गेली जिला स्पर्श करणे वा न करणे हीच परीक्षा होती. परीक्षा चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मग त्यांचे वर्तन लोकांपुढे उघड करण्यात आले आणि शहराला निवाड्यासाठी बोलावण्यात आले. कॅमेरा तेवढा नव्हता. ‘बिग ब्रदर’ नेदरलँड्समध्ये १९९९ साली सुरू झाला. त्याआधी १०९ वर्षे पुण्यात त्याचा प्रयोग होऊन गेला होता.

१६/२४
पुढचे प्रकरण दोन वर्षे गाजले. सनातन्यांनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली, चौकशी बसली, युक्तिवाद झाले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. बहिष्काराची झळ घरातल्या धार्मिक कार्यांपर्यंत पोचली. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांना सुधारकांचेच बोल ऐकावे लागले. पुण्याने हे सारे वर्तमानपत्रांतून चवीने वाचले. ते वाचणारे अडाणी नव्हते. त्या काळच्या महाराष्ट्रातील सर्वांत सुशिक्षित शहर ते. अभिरुचीच्या ऱ्हासाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी या शहराला कोणत्या खान्यात बसवायचे ते ठरवावे.

१७/२४
हीच भूक मुंबईत १९५९ साली दिसली. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उघड बाजू घेतली, न्यायालयाबाहेर गर्दी लोटली, आणि जूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपी निर्दोष असल्याचे सांगितले. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये शिक्षा कायम केली. हा भारतातील शेवटचा जूरी खटला, ही समजूत अचूक नाही. जूरी पद्धत टप्प्याटप्प्याने गेली. पण ती गेली, एवढे खरे. नागरिकाला निवाड्याच्या आसनावर बसवणारी एक जागा कायमची बंद झाली. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले असेल. भूक मात्र त्यामुळे मेली नाही.

१८/२४
आता २०२४ कडे परत यावे. पाचव्या पर्वाच्या सुरुवातीच्या दिवसांत ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगांवकर यांच्याशी घरात जे उद्धट बोलणे झाले, त्यावर महाराष्ट्रभर संताप उसळला. ज्यांना तो संताप पोरकट वाटला त्यांनी त्याचा विषय ओळखला नाही. वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, हा प्रत्येक मराठी घरातला धगधगता प्रश्न आहे. सून, सासू, मुलगा, निवृत्त बाप यांच्यात तो थेट बोलता येत नाही. पडद्यावरच्या परक्या माणसांच्या निमित्ताने तो बोलता येतो. पंचहौदातल्या चहावर बोलताना पुणेकर जे करत होते, तेच हे.

१९/२४
आणि सूरज चव्हाण? बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, लहानपणीच आई-बाप गमावलेला, टिकटॉकवरच्या चित्रफितींमुळे लोकांना ठाऊक झालेला मुलगा. त्याच्या विजयावर टीका अशी की कर्तृत्व नसताना केवळ सहानुभूतीवर तो जिंकला. त्याच्या शेजारी उपविजेता होता अभिजीत सावंत : २००५ साली ‘इंडियन आयडॉल’चे पहिले विजेतेपद मिळवलेला गायक. पहिल्या वेळी देशाने त्याचा गळा तोलला. एकोणीस वर्षांनी महाराष्ट्राने त्याचा स्वभाव तोलला. शक्ती-तुऱ्याकडून ग्रामण्याकडे झालेला हा प्रवास एकाच माणसाच्या चरित्रात सामावला आहे.

२०/२४
प्रेक्षकांनी सूरजला दिलेला कौल हा कलेवरचा कौल नव्हताच. ज्याच्या बोलण्याला, कपड्यांना आणि अर्धवट शिक्षणाला वर्षानुवर्षे हसले गेले, त्याला चारचौघांत बसवायचे की नाही, हा प्रश्न होता. स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ या अमेरिकी संशोधकांनी २००४ साली २३९ प्रौढांचा अभ्यास करून असे कार्यक्रम आवडीने पाहणाऱ्यांत प्रतिष्ठेची ओढ सर्वांत ठळक असल्याचे म्हटले. पाश्चात्त्य वाचकाने त्याचा अर्थ ‘स्वतःला मोठे समजण्याची हौस’ असा लावावा. इथे मात्र प्रतिष्ठा ही वाटपाची वस्तू आहे. ती कोणाला द्यायची हे शतकानुशतके थोड्यांनी ठरवले. ज्यांना ठरवू दिले गेले नाही त्यांना ठरवण्याची संधी मिळाली की ते जागत बसणारच.

२१/२४
इथे जुन्या अंगणाचे गोडवे गाणाऱ्यांनाही थांबवणे भाग आहे. ग्रामण्यात पंच कोण होते? उच्च जातींतले पुरुष. दलितांना त्या सभेत जागा नव्हती, बायकांना आवाज नव्हता. परंपरेने जाखडीच्या रिंगणातही पुरुषच नाचले. बायकांची पथके अलीकडची. गावकीच्या बैठकीत जिला कोणी विचारले नाही, ती म्हातारी नातवाच्या मोबाईलवरून मत देते तेव्हा एक दार खरोखरच उघडलेले असते. तिच्या मताला मूर्खपणा म्हणणारा माणूस जुन्या पंचांच्याच ओळीत बसतो.

२२/२४
मग ‘हे सगळे आधी लिहिलेले असते’ हा आक्षेप उरतो. नमनात संकासुराच्या वेशात शेजारच्या वाडीतला गडी आहे हे सावर्ड्यातल्या पोराला कळते, तरी तो दचकतो. सोंग ओळखूनही सोंगात रमणे आणि त्यातून खरा माणूस कुठे डोकावतो ते टिपणे, हे कोकणी प्रेक्षकाचे जुने कसब. प्रेक्षक फसलेला नाही. त्याची फसवणूक दुसऱ्याच ठिकाणी होते, आणि टीकाकारांचे लक्ष नेमके तिथे जात नाही.

२३/२४
फसवणूक निवाड्याच्या व्यवहारात आहे. शक्ती-तुऱ्यात प्रेक्षक सारा सामना डोळ्यांनी पाहतो. इथे २४ तासांतून तास-दीड तासाचा पुरावा कोणीतरी निवडून देतो. तिथे मत उघड. इथे मतांचे आकडे सहसा जाहीरही होत नाहीत. २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रेक्षकस्पर्धेत एका संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसाचा खर्च त्यातूनच निघतो, असे म्हणत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरसंचार कंपनीला १ कोटी रुपयांचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी तो रद्द केला. कायद्याने विषय संपला. पण प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीला बाजारभाव असतो, हे त्या वादाने उघड केले. आज मत अॅपवरून फुकट देता येते. किंमत जाहिरातींतून वसूल होते. शिवाय जाखडीत हरलेला शाहीर दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो, म्हणून टोमण्यालाही मर्यादा राहते. पडद्यावरचा स्पर्धक भेटत नाही. म्हणून त्याच्यावर, त्याच्या आईबहिणीवर काहीही लिहिले जाते. ग्रामण्याचे क्रौर्य शिल्लक राहिले, त्यातली समोरासमोरची जबाबदारी तेवढी गेली.

२४/२४
म्हणून मागणी प्रेक्षकाने डोळे मिटावेत अशी असू नये. मतांचे आकडे जाहीर करा, काटछाटीचे निकष सांगा, स्पर्धकाच्या मानसिक स्वास्थ्याची जबाबदारी निर्मात्यांवर ठेवा. आणि जाखडी-नमनाला वर्षातून एकदा महोत्सवापुरते आठवण्याऐवजी तालुक्याच्या ठिकाणी नियमित रंगमंच द्या. ‘लोकांची आवड बिघडली’ असे म्हटले की यांतले काहीच करावे लागत नाही. त्या वाक्याची खरी सोय ती आहे. सावर्ड्याच्या परिसरात कुठेतरी गणपतीतल्या एका रात्री शाहीर कूट घालील आणि उत्तर येईपर्यंत माणसे उठणार नाहीत. तीच माणसे इतर दिवशी पडद्यापुढे बसतात. त्यांना काय पाहावे हे शिकवण्याआधी, त्यांनी दिलेल्या निवाड्याचा हिशेब त्यांना दाखवावा.